शाल परत करायची राहिली

पुरावा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. चाकणच्या एका कंपनीत मी ऑडिट करते. मी शॉप फ्लोअरवर, यंत्रांमध्ये गेले की सुपरवायझरसुद्धा खिशातून हात काढून उभे राहतात! त्यामुळे आईच्या पेन्शनचं काम एका फेरीत उरकते, असं मी बाबांना सांगून टाकलं.

पेन्शन हे निमित्त होतं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्डावर तिच्या नावाखाली 'सेवानिवृत्त शिक्षिका' छापावं, असं मला वाटत होतं. बाबा अडून बसले होते.

"सरकार म्हणेल तेव्हा छापू. ती बदली शिक्षिका होती. उगाच मोठेपणा तिलाच चालला नसता."

आई, म्हणजे शाळेच्या कस्तुराबाई, संत तुकाराम नगरच्या एका शाळेत बदलीवर शिकवायची. कुणी बाळंतपणाला गेलं, कुणी पाय मोडून घेतला, की आईला बोलावणं. पाय जुळला की आईला निरोप. बदली शिक्षकाची सेवा अखंड असेल तरच पेन्शन मिळते, असं कचेरीतून कळलं होतं. मी आईच्या निरोप समारंभांचे सगळे फोटो गोळा केले. प्रत्येकात आई, हार, नारळ आणि शाल. इतके निरोप, म्हणजे बाई कायम शाळेतच होत्या, हे शेंबडं पोरही सांगेल!

कचेरीतल्या जयमाला मॅडमनी फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले.

"शाल एकच आहे."

"म्हणजे?"

"सगळ्या फोटोंत तीच. हा बघा कोपऱ्यातला चहाचा डाग. समारंभ एकच झाला, फोटो भरपूर काढले."

"मॅडम, या फोटोत आईचे केस काळे आहेत आणि त्या फोटोत पांढरे. एवढा लांबलेला समारंभ..."

त्यांनी चष्मा लावला. "बरं. मग समारंभ वेगवेगळे. म्हणजे दर वेळी सेवा संपली. सेवेत खंड पडल्याचे पुरावे तुम्ही स्वतःच आणलेत. व्यवस्थित आणलेत."

स्वतःच्याच ऑडिटमध्ये नापास होण्याची ही माझी पहिलीच वेळ.

"घरी जाऊ, आम्रपाली," बरोबर आलेले बाबा बाकावरून म्हणाले.

दुसऱ्या फेरीला मी साक्षीदार नेला. कोंडाजी, शाळेचे शिपाई. मूळचे चिखलीचे. जमीन विकून चाळ बांधली, भाडेकरू ठेवलेत, नोकरीची गरज नाही; पण घंटा दुसऱ्या कुणी वाजवलेली त्यांना सहन होत नाही.

"निरोप झाल्यावर कस्तुराबाई शाळेत यायच्या?" मॅडमनी विचारलं.

"म्हंजे? दुसऱ्या दिशी हजर!"

मी मॅडमकडे विजयी नजरेनं पाहिलं.

"कशासाठी?"

"शाल परत द्यायला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"शाळंची शाल एकच हाय, मॅडम. ज्याला निरोप, त्यानं दुसऱ्या दिशी घडी घालून परत आणायची. बाई आल्या की त्या दिशी कुणीतरी दांडी मारलेलीच असायची. हेडमास्तर म्हणायचे, आलाच आहात तर तेवढा वर्ग बघा. बाई शाल ठेवायच्या आन खडू उचलायच्या. ते पार पुढच्या निरोपापर्यंत!"

"मग निरोप द्यायचाच कशाला?"

"न्हाई दिला तर बरं दिसतं व्हय?"

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. "ठीक आहे. खंड नाही. पण मग त्या निवृत्त कधी झाल्या? निवृत्तच झाल्या नसतील तर निवृत्तिवेतन कसलं?"

मी फोटो पुन्हा चाळायला घेतले.

"शेवटची शाल आली न्हाई अजून," कोंडाजी सहज म्हणाले. "तिच्यावाचून औंदा नुसत्या नारळावर बोळवण चाललीय."

"कुठे आहे ती?"

बाबा बाकावरून उठले. "माझ्याकडं. तिनं घडी घालून उशाशी ठेवली होती. उद्या नेऊन देते म्हणाली. उद्या दवाखान्यात न्यावं लागलं. मग राहिलीच."

रांगेतल्या एकानं मोबाइलवरचं गाणं बंद केलं.

"बरोबर," मॅडम फाइलीकडे बघत म्हणाल्या. "ज्या निरोपाची शाल परत आली नाही, तो निरोप खरा. निवृत्ती तेव्हाची. मुख्याध्यापकांकडून तसं लिहून आणा. पात्र ठरतात."

"पात्र," बाबा म्हणाले. जिना उतरताना पुन्हा एकदा म्हणाले.

मुख्याध्यापक शेखर सरांनी लगेच लिहून दिलं. "फक्त तेवढी शाल आणून द्या. परवा एक निरोप आहे."

"देतो," बाबा म्हणाले. घरी येऊन त्यांनी शाल कपाटातून काढली. घडी मोडली, घातली, पुन्हा मोडली. मी चप्पल घालून पिंपरी कॅम्पात गेले.

"लग्नासाठी की सत्कारासाठी?" दुकानदारानं विचारलं.

"परत करायला," मी म्हणाले. त्यानं शालींचा गठ्ठा पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी नवी शाल सरांच्या हातात ठेवली.

"अरे वा, धुऊन आणलीत! डागसुद्धा गेला!" मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आलाच आहात तर... सातवी ब मोकळी आहे हो."

"सर, मी ऑडिटर आहे."

"चालेल की! पोरांना तेवढं बसवून ठेवा."

सकाळी सातवी ब, म्हणून कंपनीत मी सेकंड शिफ्ट मागून घेतली.

कार्डं छापून आली. 'सेवानिवृत्त शिक्षिका' या शब्दांवरून बाबांनी अंगठा फिरवला, शाई ओली आहे का बघतात तसा. जुनी शाल त्यांच्या मांडीवर होती.

सातवी ब च्या बाई शनिवारी रजेवरून आल्या आणि शाळेनं मला निरोप दिला. हार, नारळ, शाल. फोटोत मी आईसारखी दिसते, असं सगळे म्हणतात.

सोमवारी शाल परत करायची आहे. कंपनीत परत फर्स्ट शिफ्ट लागलीय, अर्ध्या दिवसाची रजा टाकते म्हटलं, तर कोंडाजी म्हणाले, "ताई, पुऱ्या दिसाची टाका!"