पॅकेजमधून गळालेला पत्ता

प्रोग्रॅमचं पॅकेज संध्याकाळपर्यंत गेलं नाही तर साहेब फाडून खाईल, असं सांगून मुलानं सकाळीच स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. आईनं दारातूनच बजावलं, "माझ्या ताईची संध्याकाळची गाडी आहे. कायमची चाललीय ती लेकीकडे. मला स्टँडवर सोड." मुलगा "हो हो" म्हणाला. कॉम्प्युटरवाल्यांचं 'हो' म्हणजे पाण्यावरची रेघ.

दुपारी आतून आरडाओरडा ऐकू आला.

"अहो, झालं काय?" सून धावली.

"सर्व्हरचा पत्ता मी कॉम्प्युटरला सांगतो. विचारलं की धडधडीत दाखवतो. पण पॅकेज बांधून उघडलं, की पत्त्याच्या जागी भोपळा!"

"परत सांगून बघा."

परत सांगितलं. परत भोपळा. स्वतःची चूक सापडेना, तेव्हा शहाण्या माणसानं घरच्यांकडे नजर वळवली.

"आई, कीबोर्डवर फडकं कुणी मारलं?"

"मी. बोटभर धूळ होती."

"तरीच! दाबलं असशील काहीतरी. माझ्या वस्तूंना हात लावू नकोस म्हणून किती सांगायचं?"

"बरं. आता तुझ्या दारालाही हात लावणार नाही."

चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन आई बाहेरच्या खुर्चीत बसली. ऊन कलायला लागलं.

"आई, मी त्यांना हाक मारते," सून म्हणाली.

"खबरदार!"

"मग भाड्याची गाडी बोलावू?"

"पोटचा पोरगा घरात असताना? नको."

अंधारून आलं तेव्हा मुलगा नाचतच बाहेर आला. "आई, तुझा काही दोष नव्हता गं! पॅकेज बांधताना कॉम्प्युटर मुद्दामच कोऱ्या खोलीत जाऊन बसतो. बाहेर सांगितलेलं सगळं उंबऱ्याबाहेर टाकतो. पत्ता बांधणीच्या सूचनांमध्येच लिहायचा होता. एक ओळ! चल, स्टँडवर जाऊ."

"गाडी गेली."

"अगं, मग दार वाजवायचंस ना!"

दार चार पावलांवर होतं. एकदा वाजवलं असतं तर बोटं झिजली नसती, हे तिला मघाशीच कळलं होतं. पण ताठा असा, की उठू देईना.

तेवढ्यात फोन वाजला. ताईच होती. गाडीतून बोलत होती.

"खिडकीतून बघून बघून डोळे दुखले माझे! का आली नाहीस गं?"

मुलगा समोरच उभा होता, चेहरा पडलेला.

"डोळा लागला माझा, ताई," आई म्हणाली.

"डोळा लागला? बहीण कायमची चाललीय आणि तू घोरत पडलीस? लहानपणापासून अशीच निर्धास्त तू! आता परत कधी भेट व्हायची?"

कुणाचा एक शब्दही ऐकून न घेणारी आई मुकाट ऐकत राहिली. ताईची गाडी रेंजबाहेर गेली आणि फोन कटला. फोनमधला ताईचा आवाज थांबलेला मुलाला कळला. आई मात्र फोन कानाशी धरून म्हणतच होती, "हं... हं, ताई..."