अकरा मिनिटांची चोरी

बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या आसपास माझ्याइतक्या बारीक नजरेचा माणूस दुसरा नाही. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. होसकोट्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं मी बेअरिंगं तपासली, म्हणजे खरं तर नाकारली. निवृत्त झाल्यावर नाकारायला काही उरलं नाही, तेव्हा सिनेमे आणि मालिका हाती घेतल्या. आमच्या मराठी मित्रमेळ्याचं मासिक दर महिन्याला सगळ्यांच्या फोनवर येतं. त्यात 'स्पष्टच सांगतो' हे माझं सदर असतं. मालिकेतला खुनी मी पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो. पुढे खुनी भलताच निघतो, तो लेखकाचा दोष.

लोक मला विश्वासअण्णा म्हणतात. मी स्वतःला सत्यशोधक समजतो. आता जी हकिगत सांगणार आहे, ती घडेपर्यंत तरी समजत होतो.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मेळ्याच्या हॉलमध्ये एक सिनेमा दाखवला. प्रियदर्शनी नावाची मूळची निपाणीची मुलगी एचएसआर लेआउटमध्ये राहते आणि कुठल्याशा कंपनीत नोकरी करते. दोन वर्षांचे रविवार खर्चून तिने बेचाळीस मिनिटांचा सिनेमा केला होता. तिचे वडील आप्पाजी, एसटीतून निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला आलेले कंडक्टर, हेच त्यातले नायक. गावाकडचा एक म्हातारा मुलीकडे बेंगळुरूला राहायला येतो आणि कुणाशी काही बोलत नाही, अशी गोष्ट. बेळगावच्या एका महोत्सवासाठी मेळ्याने तो पाठवावा की नाही, हे निवड समिती ठरवणार होती. समितीत मी एकटाच होतो. बाकीच्या दोघांनी माझ्याबरोबर एक बैठक झाल्यावर राजीनामे दिले होते.

बुधवारी माझं सदर आलं. मी लिहिलं होतं, 'नायक मुका, कथा मुकी आणि आपण शेवटाला मुकलो. सिनेमा मध्येच संपतो. म्हातारा का बोलत नाही, हे दिग्दर्शिकेलाही ठाऊक नसावं. शिफारस नाही.' मुका आणि मुकलो ही कोटी मला इतकी आवडली की मी ती तीनदा मोठ्याने वाचली. बायको तुमकूरला बहिणीकडे गेली होती, त्यामुळे भिंतीला ऐकवली.

गुरुवारी प्रियदर्शनीचा फोन आला. भांडेल असं वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "काका, शेवट आवडला नाही, की पाहिला नाही?"

मी म्हटलं, शेवट असता तर पाहिला असता.

"शेवट आहे. अकरा मिनिटांचा. आप्पा त्यात बोलतात."

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. आप्पाजींनी माझा लेख वाचला होता. आपल्याला अभिनय येत नाही, आपल्यामुळे पोरीची दोन वर्षं वाया गेली, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. शनिवारी ते कायमचे निपाणीला निघणार होते.

दुसरा एखादा माणूस इथे माफी मागून मोकळा झाला असता. मला मात्र गुन्ह्याचा वास आला. सिनेमाला शेवट आहे आणि मी तो पाहिला नाही, याचा अर्थ सरळ होता: कुणीतरी शेवटची अकरा मिनिटं चोरली होती.

पुरावे भक्कम होते. सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतल्या चार बायका डोळे पुसत होत्या. चिवड्यात तिखट जास्त होतं, हे मी तिथल्या तिथे ताडलं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुटल्याचा आनंद, दुसरं काय. माझी मान आखडली होती, म्हणजे खुर्च्या हलक्या दर्जाच्या होत्या. आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे माझा चष्मा नाकावरून नाहीसा झाला होता. तेव्हा मला वाटलं, पडला असेल. खुर्च्यांखाली रांगत शोधला, मिळाला नाही. आता सगळा उलगडा होत होता. चोराने आधी माझा चष्मा लंपास केला, कारण अख्ख्या हॉलमध्ये चोरी पकडू शकणारी नजर एकच होती.

पहिला संशय रणजीतवर. हा मेळ्याचा सचिव, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर तोच सांभाळतो. त्या दिवशी त्याला कुठल्याशा लग्नाला जायची घाई होती. म्हणजे शेवट गाळून पळायला कारणही होतं. एका काडीला दोरा बांधलेला जुना चष्मा लावून मी त्याच्या घरी धडकलो. सिनेमा पूर्ण दाखवला, असं तो म्हणाला. गुन्हेगार दुसरं काय म्हणणार? त्याने लॅपटॉपवर फाइल उघडून दाखवली, बेचाळीस मिनिटं भरली. मी म्हटलं, माझ्या हिशेबाने मी एकतीसच पाहिली. काहीतरी सांगायचं त्याच्या ओठावर आलं होतं, पण मी बोट वर करून थांबवलं. साक्षीदाराला भरकटू द्यायचं नसतं.

दुसरा सिद्धांत वीज गेल्याचा. तो हॉलच्या वॉचमनने मोडीत काढला. वीज गेली की त्यालाच जनरेटर लावावा लागतो आणि त्या दिवशी तो निवांत बसून होता. मग मी प्रेक्षकांना फोन लावले. सात जणांनी शेवट पाहिल्याचं सांगितलं. एका बाईंनी तर तो सांगायला सुरुवात केली आणि मध्येच त्या मुसमुसायला लागल्या. मी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं, 'कट मोठा आहे. किमान आठ माणसं.' शुक्रवार संध्याकाळपर्यंत माझ्या कटात सत्तावीस माणसं झाली होती. हॉलमध्ये मला धरून अठ्ठावीस होती.

शनिवारी दुपारी चंद्राबाईंचा फोन आला. सिनेमाच्या वेळी माझ्या डाव्या हाताला बसलेल्या बाई त्या. वय शहात्तर, घराणं चार पिढ्या इथलंच. सिनेमा संपल्या संपल्या त्या लेकीकडे होसकोट्याला गेल्या होत्या, म्हणून त्यांची जबानी राहिली होती. त्या म्हणाल्या, "अण्णा, तुमचा चष्मा माझ्या पर्समध्ये राहिलाय बघा. येऊन घेऊन जावा."

मी धावत गेलो. चोर शहात्तर वर्षांचा असेल, अशी कल्पना नव्हती. त्यांनी 'स्वल्प बसा' म्हणून कॉफी पुढे केली. मी कॉफीला हात न लावता विचारलं, चष्मा कुणाच्या सांगण्यावरून काढला?

"कुणाच्या म्हणजे? घसरत होता की. तुम्ही झोपला होतात."

मी डोळे मिटून विचार करत असतो, असं मी म्हणालो.

"सरी, बरं. विचार करताना घोरता पण," त्या म्हणाल्या. "माझ्या खांद्यावर डोकं होतं. दोन दिवस बाम लावला मी."

उठवलं का नाही, हे विचारताना माझा आवाज बारीक झाला होता.

"उठवणार होते. पण इतके शांत कधी दिसला नव्हता तुम्ही."

सत्तावीस निर्दोष माणसं एका क्षणात सुटली. मी गार झालेली कॉफी प्यालो, त्यांच्या पाया पडलो आणि एचएसआर लेआउटची बस धरली.

बस सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत अडकून होती, तेव्हा मी काय बोलायचं याची तालीम करत होतो. कारखान्यात मी चांगलं बेअरिंग नाकारलं, तर दुसरा तपासनीस ते परत उचलायचा. इथे दुसरा तपासनीस नव्हता. माझी एक डुलकी एका माणसाला घराबाहेर काढत होती.

प्रियदर्शनीने दार उघडलं. दाराशीच आप्पाजींची बॅग भरून ठेवलेली होती. निपाणीची बस मॅजेस्टिक बसस्थानकावरून साडेसहाला होती, आणि पाच वाजले होते. आप्पाजी इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीच्या काठावर बसले होते. बसमध्ये केलेली सगळी तालीम मी विसरलो. म्हटलं, "मी झोपलो होतो. लेख खोटा आहे. शेवट दाखवाल का?"

प्रियदर्शनीने लॅपटॉप टेबलावर ठेवला.

शेवटात एवढंच आहे. मुलगी डबा घरी विसरते. म्हातारा तो घेऊन एकटा निघतो. सिनेमाभर तो गप्प असतो, कारण तो मनातल्या मनात कन्नड शब्द जुळवत असतो. ते शब्द तो आता रिक्षावाल्यापुढे, फुलवालीपुढे, वॉचमनपुढे मोडकेतोडके काढतो. एका चौकात तो थांबतो. डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, डबा छातीशी धरतो. ते तोंड पाहून मला चष्मा काढावा लागला. या वेळी मीच काढला.

मी आप्पाजींना म्हटलं, चौकातला अभिनय मोठमोठ्या नटांना जमत नाही.

ते संकोचून म्हणाले, "अभिनय कसला? तिथं मी खरंच वाट चुकलो होतो. ही लांबून शूटिंग करत होती, ते मला ठाऊक नव्हतं."

"मी हाक मारणार होते," प्रियदर्शनी म्हणाली. "पण तुम्ही विचारत विचारत पोचलात, आप्पा. म्हणून तर तो शेवट आहे."

हे ती त्यांना पहिल्यांदाच सांगत असावी, कारण आप्पाजींनी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मी तिथेच फोनवर नवीन मजकूर लिहून रणजीतला पाठवला: 'मी झोपलो होतो. शेवट आज पाहिला. शिफारस आहे.' आजवरचं माझं सर्वांत छोटं सदर. रणजीतचं उत्तर लगेच आलं, की महोत्सवाचा फॉर्म त्याने गुरुवारीच भरून ठेवलाय, फक्त माझी सही हवी आहे.

मी उठायला लागलो, तसं आप्पाजींनी हळूच विचारलं, की सुरुवातीची एकतीस मिनिटं तरी मी जागा होतो ना. या घरात पुन्हा खोटं बोलायची हिंमत नव्हती. एकोणिसाव्या मिनिटापर्यंतचं नक्की आठवतं, असं मी सांगितलं.

आप्पाजींनी मुलीला सिनेमा एकोणिसाव्या मिनिटावर न्यायला सांगितलं. दिवा चालूच ठेवला, आपली खुर्ची वळवली आणि लॅपटॉपकडे पाठ करून ते थेट माझ्या डोळ्यांकडे बघत बसले. सिनेमा संपला तेव्हा सहा वाजायला आले होते. मॅजेस्टिकचं नाव कुणीच काढलं नाही.