डावीकडे नाव, उजवीकडे किंमत

तंजावुरात आमच्या शेजारच्या माधवराव अण्णांकडून वाटीभर कॉफीपूड हवी असली तर चिठ्ठी लिहावी लागे: ‘कॉफीपूड = १ वाटी’. माझ्या बायकोनं पहिल्यांदा ‘अण्णा, थोडी कॉफीपूड द्याल का?’ असं लिहिलं, तर चिठ्ठी लाल शाईच्या फुलीसकट परत आली. इथल्या रीतीप्रमाणं तिनं मराठी भाषा तमिळ अक्षरांत लिहिली होती, त्याला हरकत नव्हती. हरकत ‘थोडी’ला होती.

“डावीकडे नाव, उजवीकडे किंमत, मधे बरोबरचं चिन्ह,” अण्णा मला समजावत. “यंत्राला थोडी-बिडी कळत नाही रे. आणि किंमत कोरी सोडलीस की ते पुढं वाचतच नाही. ठप्प.”

हे सगळं मद्रासचं खूळ. अण्णा इथल्या कॉलेजात गणित शिकवायचे. एका सुट्टीत मद्रासला जाऊन गणकयंत्राला आज्ञा लिहायला शिकून आले, ते हवेत तरंगतच. आता तंजावुरात यंत्र कुठलं? म्हणून आज्ञाही यांनीच लिहायच्या आणि यंत्रही यांनीच व्हायचं. ओसरीवर बसून एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचे; मोकळी जागा आली की ‘मोकळी जागा’ असंही म्हणायचे. हसू दाबता दाबता मलाच त्याची चटक लागली.

शेवटी मद्रासचा एक मित्र कबूल झाला, अण्णांच्या आज्ञा तिथल्या यंत्रावर एकदाच चालवून बघतो म्हणाला. अण्णांनी दिवाळीचा बेत पाठवला. कुठला पाहुणा कुठल्या तारखेला येणार ते यंत्रानं ओळीनं वाचायचं आणि रोज तांदूळ किती लागेल ते छापायचं. राजवाड्यामागची आमची अख्खी गल्ली पोस्टमनची वाट बघत होती. मला तर माझ्या शाळेत, वर्गात शिकवणंही सुचेना.

पाकीट आलं. अण्णांनी ते माझ्याच हातात दिलं, मी फोडलं. सहा ओळी यंत्रानं बिनचूक वाचल्या होत्या! सातवीवर थांबलं होतं. ‘मंगळा: किंमत नाही.’

मंगळा म्हणजे अण्णांची एकुलती एक मुलगी. स्वतःच्या पसंतीनं लग्न करून तीन वर्षांपूर्वी दिल्लीला गेली, आणि तेव्हापासून अण्णांनी घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं.

“अण्णा, तुम्ही, आणि जागा कोरी सोडलीत?”

“तारीख मला कुठं ठाऊक आहे,” ते खाली बघत म्हणाले.

मी तो कागद त्यांच्यापुढं सरकवला.

“सरी, ठीक आहे, एक पोस्टकार्ड दे,” ते म्हणाले. लिहिलं: ‘चि. मंगळास आशीर्वाद. दिवाळीला येण्याची तारीख कळव. यंत्र अडून बसलं आहे.’

मग लेखणी तशीच धरून त्यांनी मला हळूच विचारलं, “जावयाचं नाव काय रे? आठवी ओळ लागेल.”