आडेकाकांची एकुलती कॅसेट

आडेकाका कुठल्याही घरात शिरले की आधी टाळी वाजवतात. रामराम, चपला काढणं, पाणी मागणं, सगळं नंतर. उंबऱ्याच्या आत एक पाय टाकायचा, एकच कडक टाळी मारायची, मान तिरपी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. "खोली बोलून राह्यली," म्हणजे आवाज घुमतोय, हा वाईट निकाल. "खोली ऐकून राह्यली," हा चांगला. यातला चांगला निकाल मी आजवर एकदाच ऐकला, तोही आमच्या गल्लीतल्या गादीवाल्याच्या दुकानात.

महागावच्या शाळेत माझी बदली झाली आणि आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा सामान लावत असतानाच ही टाळी वाजली. सासूबाईंना वाटलं, कुणीतरी मांजर हाकलतंय. काकांनी चारही भिंतींकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, खोली लय बोलून राह्यली. भिंतीले गोधड्या टांगा." मी नवी होते, शेजार राखायचा होता, म्हणून दोन गोधड्या टांगल्या. आवाजाचं काय झालं ते मला कळलं नाही. गोधड्यांमागे पाली मात्र मजेत राहू लागल्या.

पुढे गल्लीतले एक गृहस्थ वारले. नव्या फरशीचा मोठा हॉल, मधोमध देह, भोवती बायका. काका आत शिरले आणि सवयीनं टाळी वाजवून बसले. रडणं एकदम थांबलं. त्या शांततेत काका गंभीरपणे म्हणाले, "फरशीनं घात केला. आवाज दुप्पट होऊन राह्यला. थोडं हळू रडा." वारलेल्यांचा मेव्हणा तेव्हापासून काकांशी बोलत नाही. घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "उद्या सोताच्या तिरडीवर उठून बी वाजवसान."

काकांनी सगळी हयात लाउडस्पीकरच्या धंद्यात घालवली. मंडप, भोंगे, बॅटऱ्या, लग्नं, बारशी, प्रचारसभा. मग डीजे आले आणि काकांचे भोंगे मागच्या खोलीत गेले. धंदा बंद पडला, पण मत बंद पडलं नाही. आवाज उघडा पायजे, हे ते मत. आवाजावर चढवलेलं काहीही त्यांना चालत नाही, आणि आवाज घुमवणारा एको तर नाहीच नाही. "वरणात पाणी घातलं का वरण वाढते, चव नाही वाढत," असं म्हणत ते भर लग्नात डीजेच्या गाडीवर चढायचे आणि बटण फिरवून एको बंद करायचे. एकदा नवरदेवाच्या मित्रांनी त्यांना उचलून मंडपाबाहेर ठेवलं. ठेवलं म्हणजे अगदी नीट, खुर्चीवर. आता लोक पत्रिका देतात ती काकूंच्या हातात, काका घरी नाहीत असं बघून.

चांगलं म्हणणं हा प्रकारच त्यांच्याकडे नाही. मी स्वयंपाक करताना गुणगुणते. एकदा भिंतीपलीकडून आवाज आला, "मॅडम, गळा चांगला आहे तुमचा. गाणं सोडून कायलेही वापरा." शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी सरपंचांच्या पुढ्यातला माइक उचलून नेला. "तुमचा आवाज तसाच लय आहे," म्हणाले. सरपंच हसले, पण पुढच्या वर्षी काकांना बोलवायचं नाही असा निरोप मुख्याध्यापकांकडे आला.

असा माणूस लोकांनी कधीच वाळीत टाकला असता. तसं झालं नाही, कारण त्यांच्या नावावर एक कॅसेट आहे.

काका फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचे. त्यांच्या लोकांत लग्न झालेली मुलगी सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून गाते. नुसतं रडत नाही, रडणं गाते. त्याला ढावलो म्हणतात. शेवटी तिला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी करतात आणि ती हात वर करून बापाच्या घराच्या निरोपाचं गाणं म्हणते, मग बैल चालू लागतो. ते गाणं म्हणजे हवेली. काका भर उमेदीत होते तेव्हा हे सगळं म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात होतं आणि त्यांच्याबरोबर जाणार होतं. काकांनी फुलसावंगीच्या एका कापूस व्यापाऱ्याचं गोदाम मागून घेतलं, तांड्यातल्या बायका गाडीत घालून आणल्या आणि कापसाच्या ढिगात बसवल्या. वरच्या आढ्याला सुतळीनं एक माइक टांगला. कापसात आवाज बुडतो, परत येत नाही. वाद्य म्हणून फक्त काशाची थाळी. हवेली तेवढी गोदामात नाही. ती एका खऱ्या लग्नात, उघड्यावर घेतलेली.

ती कॅसेट कुठं वाजली नाही? टपरीवर, जीपमध्ये, शेतात, लग्नात. ऐकून धडधाकट माणसं डोळे पुसायची. यवतमाळच्या एका प्राध्यापकांनी पेपरात लिहिलं, की एवढं नितळ ध्वनिमुद्रण त्यांनी ऐकलं नव्हतं. लोक काकांच्या मागे लागले, दुसरी काढा. काकांनी दुसरी काढली नाही. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "एक पुरे झाली."

गेल्या वर्षी विक्रम पवार नावाचा मुलगा त्यांच्याकडे आला. मुलगा म्हणजे तिशीचा, यवतमाळला स्वतःचा स्टुडिओ असलेला, आणि तोही तांड्यावरचाच. लहानपणी आजीच्या मांडीवर त्यानं ही कॅसेट ऐकली होती. आता ती नव्यानं साफ करून इंटरनेटवर टाकायची, यवतमाळला कार्यक्रम करायचा, काकांचा सत्कार करायचा, असं त्याच्या मनात होतं. मला काकूंनी बोलावून घेतलं, "मॅडम, तुमी बसा, नाही तं हे त्याले हाकलून देतीन."

विक्रमनं लॅपटॉप उघडला, छोटे स्पीकर जोडले. खरं सांगायचं तर मला नवं फार आवडलं. खरखर गेली होती, शब्द न शब्द कळत होता, मागे कुठेतरी हलकी बासरी होती. काका डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "धुरपतीचा खोकला कुठं गेला?"

"कुणाचा?"

"तिसऱ्या गाण्यात एक म्हातारी खोकलते. धुरपती."

"काका, तो काढला. नॉईज होता."

"मेली बिचारी," काका म्हणाले. "खोकला तेवढा राह्यला होता तिचा."

विक्रम समजूतदार होता. त्यानं लिहून घेतलं, खोकला परत टाकतो म्हणाला, बासरीही काढायला तयार झाला. मी मनात म्हटलं, जमलं. मग त्यानं हवेली लावली. एकच आवाज, तरुण मुलीचा, फाटत फाटत वर जाणारा. "काका, हे म्हणजे कळस आहे," तो म्हणाला. "असं दुःख स्टुडिओत कितीही पैसे मोजा, येत नाही. कसं आणलंत तुम्ही हे?"

"बंद कर," काका म्हणाले.

"ऐका तर, पुढे..."

"बंद कर म्हटलं ना."

विक्रमनं बंद केलं. गाणारी कोण, जिवंत आहे का, तिलाही कार्यक्रमाला बोलवू, असं तो चाचरत म्हणाला. "ते नाही येणार," असं म्हणून काका उठून मागच्या खोलीत गेले. तेव्हा काकू बोलल्या. "येईन. मी सांगतो तिले. आमची पोरगी आहे ते, शेवंता."

आडेकाकांना मुलगी आहे हे मला माहीत होतं. दिग्रसकडे दिलेली आहे, एकुलती. वर्षाकाठी एकदा यायची, आईजवळ चुलीपाशी बसायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची. बाप आणि लेक एकमेकांशी बोलत नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं. पण काका निम्म्या महागावाशी बोलत नाहीत, त्यामुळे त्याचं विशेष वाटलं नव्हतं.

कार्यक्रमाला आम्ही तिघं एसटीनं यवतमाळला गेलो. शेवंताबाई परस्पर आल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, केस पांढरे, साधी सुती साडी. आईच्या पाया पडल्या, माझ्याकडे बघून हसल्या, आणि काकांपासून लांबच्या खुर्चीवर बसल्या. सभागृह भरलं होतं. भाषणं झाली. कॅसेटला ठेवा म्हणून झालं, वारसा म्हणून झालं. काकांच्या अंगावर शाल आली, हातात स्मृतिचिन्ह आलं. मग हवेली ऐकवली. लोक खरंच रडले. मीही रडले. विक्रमनं शेवंताबाईंना माइकपाशी आणलं आणि विचारलं, "ताई, एवढं दुःख त्या आवाजात आलं कसं?"

शेवंताबाईंनी माइक धरला नाही. तशाच बोलल्या, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"ते तिसऱ्या खेपेचं आहे," त्या म्हणाल्या. "माह्यं सोताचं लगन होतं. पहिल्या खेपेले मी खरी रडली. मंग बा बोलला, बैल हलला, घुंगरू वाजलं, परत म्हण. म्हटलं. मंग बोलला, माइकले वारा लागला, परत म्हण."

लोक हसले. बैल, वारा आणि नवरीचं रडणं थांबवणारा बाप, हे त्यांना मजेशीर वाटलं. आम्ही आल्यापासून तिथं कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे जरा जास्तच हसले.

त्या हसणं संपेपर्यंत थांबल्या. "वऱ्हाड उभं, नवरा उभा, बैल थकून गेलता. तिसऱ्या खेपेले डोयात पानीच नव्हतं. राग होता. तुमी ज्याले दुःख म्हणून राह्यले, तो राग आहे. तवापासून मले रडताच नाही आलं. सासू मेली, सगळ्या बायका रडल्या, मी तशीच बसून. मले वाटे, आता कोणीतरी म्हणीन, परत."

सभागृहाला काय करावं ते कळेना. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. विक्रमचा चेहरा पडला होता. त्यानं सावरायला म्हणून काकांना दोन शब्द बोलायला बोलावलं. काका माइकपुढे गेले, उभे राहिले, भिंतींवरून नजर फिरवली. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "हा हॉल लय बोलून राह्यला," आणि जागेवर येऊन बसले. लोक पुन्हा हसले. मला त्या क्षणी या माणसाचा इतका संताप आला, की शेजारी बसू नये असं वाटलं.

दुपारी आम्ही सगळे बसस्टँडवर होतो. शेवंताबाईंना दिग्रसची गाडी, आम्हाला महागावची. काकूंच्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला मी, आणि बाकाच्या टोकाला काका, मांडीवर शालीची घडी. मग काका समोर बघतच तांड्याच्या बोलीत म्हणाले. ती मला आता कळते.

"पहिल्याच खेपेले बरोबर आलती."

शेवंताबाईंनी वळून बघितलं. "काय?"

"हवेली. पहिल्याच खेपेले बरोबर आलती. बैल हलला नव्हता. वारा बी नव्हता."

"मंग परत कायले म्हणायले लावली?"

काका शालीच्या कडेचा दोरा ओढत राहिले. बराच निघाला.

"बरोबर आली म्हटलं असतं," ते म्हणाले, "तं बैल चालला असता."

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. इतकी वर्षं एका घरात, एका ताटापाशी, आणि त्यांनाही नाही.

"तिसऱ्या खेपेनंतर काही निमित्तच सुचलं नाही मले," काका म्हणाले. "नाही तं अजून लावलं असतं."

शेवंताबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आन हे तू आज सांगून राह्यला."

दिग्रसची गाडी लागली. कंडक्टरनं गावाचं नाव पुकारलं, माणसं दाराशी रेटू लागली. शेवंताबाई पिशवी घेऊन उठल्या, दोन पावलं गेल्या, आणि थांबल्या.

"जाऊ दे ही," त्या आईला म्हणाल्या. "लय गर्दी आहे."

गर्दी होती, पण जागा मिळाली असती. त्या परत येऊन बसल्या, होत्या तिथंच, काकांपासून तेवढ्याच अंतरावर. गाडी मागे सरली, वळली, गेली. आम्ही चौघं बाकावर बसून होतो. काकूंनी डब्यातली भाकर काढली, सगळ्यांना अर्धी अर्धी दिली. लेकीनं खाल्ली, बापानंही खाल्ली.

दुसऱ्या गाडीला मात्र त्या गेल्या. काकांनी पिशवी उचलून दारापर्यंत नेली, खिडकीतून आत दिली आणि बाजूला झाले. थांब म्हणाले नाहीत.