रक्तदाबाचं मशीन आणि भरवशाचं माणूस

घड्याळजींनी रक्तदाब मोजायचं मशीन घरी आणलं आणि बायको हातातलं काम टाकून उठली. कोणाला काही झालेलं नसताना हा माणूस असली महागडी वस्तू आणतो, म्हणजे काहीतरी लपवतोय, याबद्दल तिला शंका उरली नाही. घड्याळ बंद पडायच्या आधी साफ केलं की थोडक्यात भागतं, हे दुकानातलं पालुपद घड्याळजींनी घरीही लावून पाहिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि आत जाऊन नणंदेला फोन केला.

नणंद आली तीच डोळे पुसत.

"दादा, कधीपासून सहन करतोयस?"

"काय सहन करतोय?" घड्याळजी गोंधळले.

उत्तरादाखल दोघींनी त्यांना खुर्चीत बसवून दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब व्यवस्थित निघाला. मग दुसऱ्या हाताचा मोजला, आडवं करून मोजला, तरी व्यवस्थितच. मशीनच बिघडलेलं असणार, असं नणंद म्हणाली आणि बायकोला ते लगेच पटलं.

आता प्रश्न घड्याळजींच्या धंद्यातला होता. संशय आलेलं घड्याळ ते नेहमी भरवशाच्या घड्याळाशी ताडून बघत. घरात भरवशाचं म्हणावं असं, कधी साधं अंगही न दुखलेलं, एकच माणूस होतं. त्यांनी पट्टा बायकोच्या दंडाला बांधला. आकडा असा चढला की नणंदेने चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"बघा, सांगत नव्हते? खराबच आहे," बायको म्हणाली. घड्याळजींनाही ते कबूल करावं लागलं.

मशीन परत करण्याआधी खात्री करावी म्हणून तिघं कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांच्या मशीनवरही बायकोचा आकडा तेवढाच आला.

"अरेरे, तुमचंही बिघडलंय," घड्याळजी हळहळले.

"मशीनं दोन्ही ठीक आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तदाब यांचाच वाढलाय. हे दुखणं वर्षानुवर्षं गुपचूप वाढतं आणि एक दिवस माणूस आडवा होतो. बरं झालं, वेळेत कळलं. मीठ कमी करा, रोज चाला. आठवडाभर घरी मोजा, मग गोळीचं ठरवू."

ही नसली तर, हा विचार आजवर घड्याळजींच्या मनाला शिवलाही नव्हता. ते फार घाबरले होते. वाटभर त्यांनी तिचा हात सोडला नाही. घराच्या दाराशी ती थांबली.

"अहो, एवढी कामाची वस्तू बाजारात मिळते, तर इतकी वर्षं काय झोपला होतात?"