मामांची खुर्ची सभेला निघाली

आमचे दौलतमामा सभेला जाताना स्वतःची खुर्ची घेऊन जातात.

घडीची, प्लास्टिकची वगैरे नाही. सागवानाची, दोन हातांची, माझ्यापेक्षा मजबूत आणि बायकोच्या मते माझ्यापेक्षा कामाची. सायकलच्या कॅरियरवर ती उलटी ठेवायची, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळायची आणि चारही पाय आभाळाकडे करून निघायचं. समोरून येणारी एसटीसुद्धा जरा बाजू देते.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या आजोळी निम्म्या घरांची दारं मामांच्या हातची आहेत. सुतारकाम आता सुटलं, पण हट्टाला अजून धार आहे.

निवडणूक आली की आमच्याकडे माणसं सभेला जात नाहीत, नेली जातात. सकाळी चौकात गाडी लागते, गळ्यात दुपट्टा पडतो, मांडीवर पुरीभाजीचा पुडा येतो. गाडीवाला दरवेळी म्हणतो, "मामा, बसा ना, जागा हाय!"

"मी आणलेला माणूस नाई," मामा सायकलवरूनच सांगतात, "आलेला माणूस आहो!"

खुर्ची कशाला, म्हणून मी एकदा विचारलं होतं.

"त्यायच्या खुर्चीवर बसलं का टाळी बी त्यायचीच वाजवा लागते, भाचेबुवा. आपल्या खुर्चीवरचा माणूस मनात आलं तर वाजवते, नाई तर हात मांडीवर."

मामांचे हात बहुतेक मांडीवरच असतात. सगळ्या पक्षांच्या सभांना ते जातात, पहिल्या रांगेच्याही पुढे खुर्ची मांडतात, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ती तीनदा पुसतात, बसतात आणि भाषण संपेपर्यंत पुढाऱ्याकडे बघत राहतात. एका पुढाऱ्याला म्हणे त्या नजरेनं घाम फुटला होता. दुसऱ्या कोणी त्या खुर्चीवर बसायचं नाही, हा नियम. लहानपणी मी एकदा बसलो, तर मामांनी मला बखोटीला धरून तुळशीपाशी नेऊन ठेवलं.

आमचा मुलूख जंगलाचा. सागवानाची काडी दिसली तरी नाक्यावर शिट्टी वाजते. नवा गार्ड आला की तो मामांना अडवणारच.

"हे सागवान कुठचं?"

मामा खिशातून प्लास्टिकची पिशवी काढतात, पिशवीतून सरकारी डेपोची पावती काढतात. पावती इतकी जुनी की तिच्यावरची शाई केव्हाच उडून गेली आहे. गार्ड कोरा कागद उलटसुलट करतो.

"याच्यावर तं काहीच नाई, बाबा."

"तुमच्याच खात्याची शाई हाय. मले काऊन विचारता?"

गार्ड फाटक उघडतो.

टाळी मात्र मामा एकाच माणसासाठी वाजवत. कुसुमबाईंसाठी. त्या पंचक्रोशीतल्या जुन्या नर्सबाई. निवृत्त झाल्यावर त्या विधानसभेला अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या. पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा पडल्या. भाषण चार मिनिटांचं, तेही "पाणी उकळून प्या" या चालीवर. यंदा तिसरी खेप. मामांनी त्यांना शब्द दिला होता, "आमच्या गावात तुमची सभा रिकामी जाणार नाई."

आणि नेमक्या त्याच दिवशी, त्याच वेळी सिंदेवाहीला हेलिकॉप्टरवाली सभा ठरली.

मी त्या वेळी चंद्रपुराहून सुट्टीवर आलो होतो. खरं सांगतो, हेलिकॉप्टर बघायला जायचं माझ्या मनात होतं. मी जन्मभर आणलेलाच माणूस. ऑफिसात साहेबानं आणलेला, लग्नात वडलांनी आणलेला. चौकातल्या गाडीत एक पाय ठेवला होता, तेवढ्यात मामांनी शर्ट धरला.

"भाचेबुवा, कुठी चालले?"

"काही नाही, टायर बघत होतो."

"चाला माझ्यासंगं. मंडपवाला पळाला."

पळाला म्हणजे, तालुक्यातल्या झाडून सगळ्या खुर्च्या त्यानं हेलिकॉप्टरकडे पाठवल्या होत्या. आमच्या शाळेच्या मैदानात उरला होता एक बांबू. मी म्हटलं, "मामा, बाईंना फोन करून सभा पुढं ढकला."

मामा पुढाऱ्यांकडे बघतात तसेच माझ्याकडे बघू लागले. मलाही घाम फुटला.

मग आम्ही दोघं घरोघर फिरलो. मामा ओट्यापाशी उभे राहत आणि एकच वाक्य म्हणत, "नर्सबाईची सभा हाय. गाडी नाई, पुडा नाई. आपापलं बसाचं आपण आणा."

एक म्हातारी आतून ओरडली, "मंग सभेत हाय काय?"

"तुम्ही आहा ना, बाई!"

मी मनात म्हटलं, पाच माणसं आली तरी खूप.

आली बावीस. कोणी पाट घेऊन, कोणी उखळ गडगडवत, एक जण चुलतभावाकडून बाज उचलून, तिच्यावर चौघं. म्हातारी धान पाखडायचं सूप घेऊन आली आणि ते उपडं घालून त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "मोडन ना बापा," म्हणाली, "पण आणलं हो."

कुसुमबाई आपल्या भाच्याच्या मोटरसायकलवरून उतरल्या. मंच नव्हता. मी शहरी शहाणपण केलं, मामांची खुर्ची ओढून पुढे ठेवली आणि म्हटलं, "बाई, यावर उभ्या राहा, म्हणजे सगळ्यांना दिसाल."

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. मी तुळशीकडे जायची तयारी केली.

पण मामांनी खाली मातीतच बैठक मारली. बाईंनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं.

"हे तेच खुर्ची ना, दौलतभाऊ? याच्यावर पाय नाई ठेवत मी."

आणि त्या बसल्या. सभेकडे बघून सांगू लागल्या, "नाल्याले पूर होता. गाडी येत नव्हती. याच्या घरी बाळंतपणात याच खुर्चीवर दोन दिवस बसून होती मी. बाई वाचली, लेकरू नाई वाचलं. मी तवाच हारली होती, तरी हा माणूस मलेच मत देते."

मामींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लेकराचं मी आजवर कधी ऐकलंच नव्हतं.

मामा जमिनीवर बसले होते. सभेत खाली बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. "हारल्या असान," ते म्हणाले, "पण उठल्या नाई तुम्ही."

तेवढ्यात डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. बाज, पाट, उखळ, सगळ्यांच्या माना वर. माझी सर्वांत आधी. एकट्या मामांनी वर पाहिलं नाही. आवाज जाईपर्यंत ते बाईंकडे बघत टाळ्या वाजवत राहिले.

बाई तिसऱ्यांदाही पडल्या. मामा म्हणतात, पुढच्या वेळेस बाजा दोन आणू.

त्या दिवशी सभा संपल्यावर मामांच्या सवयीप्रमाणे मी त्यांचा दुपट्टा उचलला आणि खुर्ची पुसायला गेलो. त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे," म्हणाले.

मग त्यांनी खुर्ची कॅरियरवर नेहमीसारखी उलटी नाही, सरळ बांधली. आणि स्वतः न बसता, सायकल हातात धरून, घरापर्यंत चालत नेली.