त्रुटीसाहेबांचा कारवान-तळ

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आमच्या शेजारच्या माणिकरावांना मी स्वतः हातात नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात परत आली होती. कोपऱ्यात तांबड्या शाईत शेरा : 'त्रुटीपूर्तीसाठी परत.' खाली दोन मुद्दे. एक, मुहूर्त बारा पस्तीसचा लिहिला आहे, पण दुपारचा की रात्रीचा, याचा खुलासा नाही. दोन, पत्रिकेत वर 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं छापलं आहे आणि खाली 'कृपया आहेर आणू नये' असंही छापलं आहे. सबब निमंत्रितांनी येऊ नये, असा अर्थ निघतो.

लग्नाला मात्र आले. जिलेबी चार वेळा वाढून घेतली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, मी आलो ते तोंडी खुलाशावर. कागदावर त्रुटी अजून कायम हाय."

माणिकराव शेजारच्या एका तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते. तालुक्याचं नाव सांगत नाही. मला तिथून अजून कागद काढायचे असतात. आपल्या टेबलावरून एकही अर्ज पहिल्या फेरीत पुढं गेला नाही, याचा त्यांना फार अभिमान. लाच त्यांनी कधी घेतली नाही. लोक म्हणायचे, घेतली असती तर बरं झालं असतं, काम तरी झालं असतं. हदगावात आमच्या गल्लीत सगळे त्यांना 'त्रुटीसाहेब' म्हणतात, आणि ही पदवी आहे असं ते धरून चालतात.

तर असा हा माणूस निवृत्त झाल्यावर स्वतःच एक अर्ज घेऊन टेबलाच्या अलीकडे उभा राहिला. त्याची ही हकिगत.

माहूरच्या रस्त्याला, त्यांच्या त्या कचेरीच्याच हद्दीत, त्यांची दोन एकर बरड जमीन आहे. तिथं कापूस धरत नाही, सोयाबीन तर उगवून बघायलाही तयार नाही. पण समोरून देवीच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. एक दिवस माणिकराव पेपर घेऊन माझ्याकडे आले. त्यात कॅराव्हॅनबद्दल छापलं होतं. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. लोक गाडीतच झोपतात, गाडीतच स्वयंपाक करतात. त्यांना थांबायला फक्त जागा, पाणी, वीज आणि स्वच्छ संडास लागतो.

"गुरुजी, आपुन तळ काढायचा. चार कारवान, सहा तंबू. जास्त न्हाई."

"कॅराव्हॅन," मी म्हणालो.

"कारवान. आमच्या आज्याच्या तोंडात होता हा शब्द, व्यापाऱ्यांच्या तांड्यासाठी, निजामाच्या काळापासून. इंग्रजानं आपल्याकडूनच नेला आन वाकडा करून परत धाडला. मी सरळ लिवणार."

"आणि परवानग्या?"

ते नुसते हसले. "मला सांगता?"

त्यांनी स्वतःच्या हातानं फाईल बांधली. पानांना क्रमांक, वर अनुक्रमणिका, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, हिरवी दोरी. मी शाळेतून निवृत्त आणि माझ्याकडे मोटारसायकल, त्यामुळे सारथी मी. कचेरीत त्यांच्या जागेवर आता कांबळे मॅडम होत्या. पाच वर्षं माणिकरावांच्या हाताखाली काम केलेली हुशार बाई. त्या उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली, चहा मागवला. मग शांतपणे शेवटच्या पानापर्यंत फाईल वाचली आणि म्हणाल्या, "सर, त्रुटी आहे."

माणिकरावांचा कप ओठाशीच थांबला.

"कारवान हे वाहन आहे की वास्तू? वाहन असेल तर तुम्ही जमिनीला अकृषिक परवाना कशासाठी मागताय? वास्तू असेल तर नकाशा कुठाय?"

"तिला चाकं हायत मॅडम. वाहनच की."

"पण तुम्ही पान अकरावर 'निवास' लिहिलंय. वाहनात निवास कसा करणार?"

जिना उतरताना माणिकरावांचा चेहरा उजळला होता. "काय त्रुटी काढली हो! पान अकराची! मी शिकवलंय तिला. पहिल्या पानावर काढायची न्हाई, मानसाला चहा पिऊ द्यायचा."

"पण माणिकराव, काम अडलं की आपलं."

"अडलं," ते म्हणाले. तेव्हा कुठं हे त्यांच्या ध्यानात आलं.

पुढचे चार महिने ते वाहन की वास्तू यावर लिहीत होते. शेवटी 'चाके असलेली तात्पुरती वास्तू, जी उभी असताना वास्तू व चालू असताना वाहन समजावी' असं त्यांनी लिहून दिलं आणि ते मान्य झालं. पण सरळ लिहिलेल्या त्या 'कारवान' शब्दानं घात केला. फाईल फिरत फिरत जनावरांच्या दवाखान्याकडं गेली आणि तिथून पत्र आलं : कारवानासोबत येणाऱ्या उंटांची संख्या व त्यांच्या लसीकरणाचा तपशील सादर करावा.

माणिकरावांनी उत्तर धाडलं : 'उंट : निरंक.'

परत पत्र आलं : निरंक असल्यास तसं पशुवैद्यकीय प्रमाणपत्र जोडावं.

आम्ही डॉक्टरांना मोटारसायकलवर मधे बसवून बरडावर नेलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी सगळीकडे फिरून बघितलं, एक बाभळ होती तिच्यामागंही बघितलं. मग म्हणाले, "माझ्याकडं उंट तपासल्याचा नमुना हाय. उंट नसल्याचा न्हाई. तुम्ही एखादा उंट आणा, मी तो निरोगी हाय असं लिहून देतो."

"हरलो, पार मॅट झालो," माणिकराव त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले. शेवटी डॉक्टरांनी 'पाहणीच्या वेळी उंट दिसून आला नाही' एवढं लिहिलं. 'पाहणीच्या वेळी' या शब्दांवर माणिकराव आठ दिवस नाराज होते. इतर वेळी उंट येत असावा, असा अर्थ त्यातून निघतो म्हणे.

आता राहिला ग्रामसभेचा ठराव. जमीन ज्या गावच्या हद्दीत, तिथं सभा भरली. सरपंचांनी विषय वाचला. हात वर होणार, एवढ्यात मागून एक बाई उठली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली.

"वळखलं का साहेब? मी तुळसाबाई."

माणिकरावांनी ओळखलं नव्हतं.

"फाट्यावर, घरापुढंच, चहाच्या टपरीसाठी अर्ज केलता मी. नऊ बारी परत केला तुमी. अर्जावर तुळसाबाई अन् रेशन कार्डावर तुळशीबाई, म्हून. मंग मी शपथपत्र आणलं, दोघी एकच हाव म्हून. तर तुमी म्हनले, याच्यावर दोघींच्या सह्या पायजेत."

सभेत हशा पिकला. मी पण हसलो. मास्तर असून.

तुळसाबाई हसली नाही. "मालक अंथरुणावर व्हते तवा. टपरी झाली असती तर घरापुढं बसून त्यांच्याकडं बघता आलं असतं. न्हाई झाली. मी लोकाच्या रानात खुरपायला जात व्हते. ते गेले तवाबी मी रानातच व्हते."

हशा विरला. सरपंच टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागले. माणिकराव उभेच होते. त्यांचा हात सवयीनं खिशातल्या तांबड्या पेनाकडं गेला आणि तसाच खाली आला.

"ठरावाला माझा इरोध न्हाई," तुळसाबाई म्हणाली. "पर आधी साहेबानं माझा अर्ज घिऊन कचेरीत जावं. अन् वळख सांगायची न्हाई. रांगेत उभं ऱ्हायचं."

सभेनं टाळ्या वाजवल्या. ठराव तहकूब झाला.

माणिकराव गेले. मी सोबत होतो म्हणून सांगतो, तोंडाला रुमाल बांधून दोन नंबरच्या खिडकीपुढं हा माणूस उभा राहिला. पहिल्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी फोटो जुना निघाला. तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या माणसानं नावाकडं बघितलं आणि अर्ज सरकवून दिला, "तुळसा की तुळशी, नक्की करून या." माणिकराव बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसले.

"नऊ बारी," मग म्हणाले. "ती एस्टीनं यायची हो."

चौथ्या दिवशी कांबळे मॅडमनी त्यांना रुमालासकट ओळखलं. अर्ज वाचला, शिक्का मारला, सही केली. "सर, हा मी पहिल्याच दिवशी करून दिला असता. तुम्ही चुकीच्या खिडकीत उभे होतात. टपऱ्यांचं काम पाच नंबरला आहे."

"कुठं लिवलेलं न्हाई तसं."

"नाहीच लिहिलेलं. तुमच्या वेळेपासून."

ठराव झाला. त्यानंतरही दोन ऋतू गेले, पण परवानगी आली. माणिकरावांनी ती माझ्या ओसरीवर बसून वाचली. मला म्हणाले, "तीन त्रुटी हायत." मग नीट घडी घालून खिशात ठेवली आणि कुणाला दाखवली नाही.

तळ झाला. सिमेंटचे चार चौथरे, नळ, दिवे, तंबू, आणि तालुक्यात नसतील एवढे स्वच्छ संडास. फाट्याकडच्या फाटकाशी तुळसाबाईची टपरी. पहिला महिनाभर कुणी फिरकलं नाही. गावातले लोक येऊन संडास बघून जात. मग एका सकाळी माणिकरावांचा फोन आला : "या लवकर. कारवान आला हाय."

मी पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. चौथऱ्यावर एक जुनी व्हॅन उभी होती, खिडक्यांना पडदे. आदिलाबादकडचं म्हातारं जोडपं, देवीला निघालेलं. आदल्या संध्याकाळी आलं होतं. माणिकराव शेजारच्या तंबूपुढं बसले होते. तंबूत त्यांची गादी दिसली, घरचा तांब्या दिसला, भिंतीवरचं घड्याळही खांबाला लटकत होतं. मला वाटलं होतं ते पाहुण्यांसाठी एक रात्र थांबले असतील. तुळसाबाईनं मला चहा देताना सांगितलं, "साहेब तळ झाल्यापासनं इथंच ऱ्हाते. रातच्याला घरी जातच न्हाई."

व्हॅनमध्ये भांडण चाललं होतं. तेलुगूत, चांगलं जोरात. मी उठू लागलो तशी माणिकरावांनी हात धरला.

"बसा. होऊ द्या."

आमच्या आणि माणिकरावांच्या घराची भिंत एकच आहे. त्यांच्या पत्नी शांतावहिनी होत्या तेव्हा रोज सकाळी चहातल्या साखरेवरून दोघांचं असंच चालायचं, आणि मी बायकोला रेडिओ मोठा करायला सांगायचो. वहिनी गेल्या, आणि तीन वर्षं झाली, भिंतीपलीकडून आवाज नाही. आम्हाला शांत झोप लागू लागली होती. त्यांना लागते का, हे मी कधी विचारलं नाही.

"तेलुगू कळतं का तुम्हाला?" मी हळूच विचारलं.

"एक अक्षर न्हाई. पर ती दोनदा बोलती, तो एकदा. बराबर हाय."

आत भांडं पडलं. क्षणभर सगळं गप्प. मग बाई हसली, आणि पाठोपाठ म्हातारा खोकत खोकत हसला. माणिकरावांनी माझा हात सोडला.

"दुपारी निघायचं म्हनत व्हते. मी खुणेनं सांगितलं, माहूरला आज लई गर्दी हाय. उद्या जा."

"आहे का गर्दी?"

"मला काय माहीत," ते म्हणाले, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला बादली घेऊन नळाकडं गेले.